भोकं पाडलेल्या नळीचा दसरा

आमच्या लातूरच्या घरी दसऱ्याला पाटावर पहिला मान सासऱ्यांच्या रिव्हॉल्वरचा. विळा, कोयता, नवऱ्याच्या दुकानातला तराजू, सगळे त्याच्या मागं. त्याला तेलाचं बोट, हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. मग घरातली सगळी शेतावर जायची. आपट्याची पानं वाटायच्या आधी सासरे हात तिरपा वर धरून एक गोळी झाडायचे. थोरल्या सुनेनं शेजारी ताट घेऊन उभं राहायचं आणि आवाज विरला की नळीला ओवाळायचं. थोरली सून मी. नवऱ्यापेक्षा त्या नळीलाच मी जास्त वेळा ओवाळलं असेल.

माझं माहेर नांदेडचं. कॉलेजात असताना मी तिथल्या रायफल क्लबात पिस्तूल चालवायला शिकले. लग्नानंतरही महिन्यातून दोनदा माहेरी जायचं निमित्त काढून सराव करायचे. शिकवणारे उस्ताद निवृत्त सुभेदार होते. बिनचष्म्याचं कुणी उभं दिसलं की ते हाकलून लावत. नेमबाजीचा पिवळ्या काचांचा चष्मा मी त्यांच्याच सांगण्यावरून घेतला होता. त्या दागिन्याइतका दुसरा कुठलाही दागिना मी जपला नाही.

रिव्हॉल्वरची कथा वेगळी. सासऱ्यांनी मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ बघितला. त्याच्या रिव्हॉल्वरच्या नळीला पुढच्या टोकाशी वरच्या बाजूनं भोकं होती. गोळी सुटली की त्यातून वायू वर निघतो आणि नळी उसळत नाही, असं तो माणूस सांगत होता. आमच्या रिव्हॉल्वरची उसळी ती कितीशी! पण हौसेला मोल नसतं. सासऱ्यांनी कुणाकडून तरी तशीच भोकं पाडून आणली. परवान्यावरची काडतुसं त्यांना पुरत नसत, म्हणून एक ओळखीचा माणूस घरी साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांची काडतुसं आणून द्यायचा. यातलं काहीच कायद्यात बसत नव्हतं. पण घरात कायदा सासऱ्यांचा.

एकदा नळी पुसायला माझ्या हातात आली. भोकांच्या कडांना शिशाचे करडे पापुद्रे धरलेले होते, त्यात तेल आणि कुंकू कालवलेलं.

मी म्हणाले, "मामा, ओतलेलं शिसं मऊ असतंय. गोळी जाताना भोकाच्या कडेला खरवडून निघतंय, अन् वायूसोबत बाहेर उडतंय. या नळीतून असल्या गोळ्या नका मारू. कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

सासरे नवऱ्याकडं बघून हसले. "ही कागदाला भोकं पाडायली, अन् मला बंदूक शिकवायली."

सगळे हसले. नवरा जरा जास्तच हसला. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी दुसरा उपाय केला. दसऱ्याला जरीच्या साडीवर पिवळा चष्मा घालून उभी राहू लागले. लोक बघायचे, बघू दे म्हटलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. उस्ताद म्हणाले होते, "बेटी, इस बार तेरा नंबर है." तेवढं एकच वाक्य मी घरभर घेऊन फिरत होते, सांगत मात्र कुणालाच नव्हते.

त्या दसऱ्याला शेतावर सासूबाईंनी मला अडवलं. "सणाचं तोंडावर ते काय घालतीस? पाव्हणे हसायलेत. शस्त्र म्हंजे देव हाय. देवापुढं कुणी डोळे झाकतंय का?"

"आत्याबाई, माझी चाचणी हाय. डोळ्याला काही झालं तर..."

"एका गोळीनं काय व्हतंय?" म्हणत त्यांनी हात पुढं केला. सणाच्या दिवशी तमाशा नको म्हणून मी चष्मा त्यांच्या हातात दिला.

आवाज झाला आणि उजव्या डोळ्यात तापलेला खडा शिरल्यासारखं झालं. ताट पडलं. अपशकुन झाला म्हणून सासूबाई आधी विझलेल्या दिव्याकडं धावल्या.

गाडीत माझा पदर डोळ्यावर दाबलेला आणि पुढच्या सीटवर बापलेकांची चर्चा चाललेली. विषय माझा डोळा नव्हता, परवाना होता. खरं सांगितलं तर नळी जप्त, काडतुसांची चौकशी, परवाना रद्द. तेव्हा ठरलं: सोयाबीन काढायचे दिवस आहेत, डोळ्यात धसकट गेलं म्हणायचं.

डॉक्टर सासऱ्यांच्या ओळखीचे. त्यांनी डोळ्यातून करडा कण काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "सोयाबीनला शिसं कधीपासून लागायलं?"

"गोळीचं हाय," मी म्हणाले. "नळीच्या भोकातून उडालं."

"दुखण्यानं काही बी बोलायली," नवरा म्हणाला. डॉक्टरांनी सासऱ्यांकडं बघितलं आणि कण कापसात गुंडाळून कचऱ्यात टाकला. मला नवऱ्याचा जितका राग त्या क्षणी आला, तितका डोळा गेल्याचाही आला नाही. अजून उतरलेला नाही.

डोळा पूर्ण गेला नाही. कडेकडेचं दिसतं, नेमकं मधलंच पुसलेलं आहे. नांदेडला जाऊन पिस्तूल उचललं तर कागद होता, त्यावरचं काळं वर्तुळ नव्हतं. उस्तादांनी डाव्या डोळ्यावर शिकवायला घेतलं. मी शिकलेही, पण चाचणीला उभं राहण्याइतकं ते कधी जमलं नाही. एक दिवस पिस्तूल परत केलं आणि बसनं लातूरला आले. घरात कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढचा दसरा आला. नळी तीच, भोकं तीच, गोळ्या त्याच माणसाच्या. शेतावर सासऱ्यांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून डोळ्यांवर चढवलं. पिवळ्या काचा उन्हात चमकल्या. माझाच चष्मा.

"तुझं म्हणणं खरं हाय, सूनबाई," ते म्हणाले. "डोळ्याला जपाय पायजे. अन् तुला आता हा लागत बी न्हाई."

मग रिव्हॉल्वर वर धरत त्यांनी मान वळवली. "ताट नीट धर. औंदा पाडू नको."