भिंगताईंच्या काउंटरमागची पुस्तकं

चष्म्याच्या दुकानात माणूस तक्रार घेऊन येतो. बारीक अक्षर दिसत नाही, पेपर लांब धरावा लागतो, आता हातही पुरत नाही. मग दुकानदार त्याला एक कार्ड देतो. त्यावरच्या ओळी खालीखाली बारीक होत जातात आणि जगातला सगळा कंटाळा त्यांत भरलेला असतो. भिंगताईंनी ते कार्ड केव्हाच खणात टाकून दिलं होतं. त्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवायच्या, तिच्यात भिंगं सरकवायच्या आणि हातात सरळ कादंबरी द्यायच्या. "वाचा. इथपासून."

गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक काढून घ्यायच्या. "झालं. नंबर बसला." काही जण 'बरं' म्हणून फ्रेम बघायला वळायचे, काही पुस्तकाकडेच बघत राहायचे. ह्या दुसऱ्या जातीवर भिंगताईंचा जीव. "न्या घरी," त्या म्हणायच्या, "परत मात्र आणा, आणि काय वाटलं ते सांगा." हे सांगणंच त्यांना हवं असायचं. भोचक म्हणा हवं तर. त्यांची ना नव्हती.

काउंटरमागच्या फळीवरची पुस्तकं सगळी एकाच गोतावळ्यातली. बाईवर जीव जडलेली बाई, पुरुषावर जीव जडलेला पुरुष, जन्मतः मुलगा ठरवली गेलेली आणि पुढे बाई म्हणून जगलेली माणसं. प्रकार मात्र हवा तो: खून, भुतं, अंतराळ, आत्मकथनं. भिंगताई स्वतःही त्याच गोतावळ्यातल्या. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईंबरोबर त्यांचा संसार बरीच वर्षं चालला होता आणि तो त्यांनी कधी झाकून ठेवला नाही. शिफारशीचं त्यांचं तंत्र साधं होतं. ज्याला जे वाचायची चटक, त्याला त्यातलंच द्यायचं, आणि आत कोण भेटणार ते आधीच सांगून टाकायचं.

निवृत्त हेडसरांना खुनाशिवाय काही गोड लागत नसे. "ह्यातल्या इन्स्पेक्टर बाईंचा संसार एका डॉक्टरणीशी आहे," भिंगताईंनी सांगितलं. सर म्हणाले, "खून आहे ना?" आठवड्याने पुस्तक परत आलं. "खुनी मी अर्ध्यातच ओळखला. पण त्या दोघींचं भांडण मिटलं का? दुसरा भाग आहे का?" रात्रपाळीच्या नर्सबाईंना भुतांचं वेड. त्यांना दीपगृहातल्या दोन रखवालदारांची गोष्ट दिली. त्यातला एक मेलेला, आणि तरी दुसऱ्यासाठी रोज दिवा लावणारा. त्या भ्यायच्या सोडून रडल्या आणि भिंगताईंवर उखडल्या. एका गृहस्थांनी मात्र पुस्तक दोन बोटांत धरून आणलं. "असलं आम्ही वाचत नाही. आणि तो शेवट तर मुळीच पटला नाही."

एवढ्यांची नाडी ओळखणाऱ्या भिंगताईंनी एका माणसापुढे हात टेकले होते. तो त्यांचा सख्खा थोरला भाऊ. दादाचं बसगाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं आणि तो त्याच शहरात राहायचा. खेळाच्या बाई राहायला आल्यापासून त्याने बहिणीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. भांडण नाही, तंडण नाही. फोनवर तब्येत विचारायचा. सुरुवातीला घरी बोलावलं तेव्हा 'गाडी बंद आहे' म्हणाला आणि पुढे घराचा विषय निघाला की फोन ठेवायचा. भिंगताईंना राग यायचाच. पण रागापेक्षाही एक प्रश्न जास्त छळायचा. ह्याच्या मनात नक्की आहे तरी काय? किळस, लाज, की नुसता गोंधळ? दोघांचीही वयं झाली होती. हे कळायच्या आत दोघांतलं कुणी गेलं तर, ही धास्ती त्यांना सुखाने झोपू देत नसे.

आणि एक दिवस दादाच दुकानात आला. स्क्रूच्या खाचा दिसेनात म्हणाला.

भिंगताईंनी त्याला स्टुलावर बसवलं. चौकट चढवून त्यांनी एका बाईचं आत्मकथन पुढे केलं. पान मुद्दाम निवडलेलं, जिथे ती आपल्या माहेरच्यांना चांगलंच फैलावर घेते. दादाने ते पान नोटीस वाचावी तसं वाचलं. "दिसतंय. फ्रेम मजबूत दे." चष्म्याची पावती घेतली आणि निघून गेला.

घरी आल्यावर भिंगताईंनी भांडी आपटली. खेळाच्या बाई दारात बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. "तू त्याला वाचायला दिलंस की सुनावलंस?"

"दोन्ही."

"मग तो ऐकून गेला."

भिंगताईंना चरचरून लागलं, कारण ते खरं होतं. हेडसरांना खून, नर्सबाईंना भूत, आणि सख्ख्या भावाला भाषण! स्वतःचंच तंत्र त्या घरच्या माणसापाशी विसरल्या होत्या.

दादा चष्मा न्यायला आला तेव्हा त्यांनी दुसरं आत्मकथन उघडलं, एका बसड्रायव्हरचं. "आधीच सांगते. ह्याचं त्याच्या कंडक्टरवर प्रेम आहे. दोघं एकत्र राहतात."

दादा नवा चष्मा लावून वाचत होता. "घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली म्हणतो हा."

"अरे, मी काय सांगतेय?"

"ऐकलं. कंडक्टरवर प्रेम आहे. त्याचा न्यूट्रलशी काय संबंध? हा मेला कसा नाही?" आणि पुस्तक काखेत मारून तो गेला.

त्यानंतर किती तरी दिवस त्याचा पत्ता नव्हता. शेवटी एका दुपारी आला, पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि आधी ब्रेकच्या वर्णनातल्या चुका काढल्या. त्या संपल्या तरी जाईना. काउंटरच्या काचेवरून बोट फिरवत उभा राहिला.

"ह्या ड्रायव्हरने भावाला दोनदा घरी बोलावलं," तो म्हणाला. "भाऊ म्हणाला, गाडी बंद आहे. ह्याने ते खरं मानलं?"

"छे! भांडायचं नव्हतं म्हणून गप्प बसला."

"तू पण तशीच गप्प बसलीस?"

भिंगताईंनी पुस्तक बाजूला सारलं. "हो. आणि मला फार वाईट वाटलं, दादा. अजून वाटतं. शिव्या दे हवं तर, पण का येत नाहीस ते एकदा सांग."

दादाने चष्मा काढला. "माझी गाडी कधीच बंद नव्हती गं." मग एकेक शब्द जुळवत बोलायला लागला. "पहिल्यांदा तू बोलावलंस तेव्हा कळेना, त्या बाईंना काय म्हणायचं. वहिनी म्हणावं तर कुणाची? नावाने हाक मारावी तर तेवढी ओळख नाही. दारात बावळटासारखा उभा राहीन, असं वाटलं. म्हटलं, पुढच्या खेपेला जाऊ. मग इतकी वर्षं गेली की तोंड दाखवायची लाज वाटायला लागली."

भिंगताई बघतच राहिल्या. किळस, घृणा, लोक काय म्हणतील, सगळं त्यांनी मनाशी घोळवून झालं होतं. हे मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना हसू फुटलं, पाठोपाठ डोळे भरले, आणि मग त्या अशा संतापल्या की पुस्तक उचलून त्यांनी दादाच्या दंडावर हाणलं. "एवढ्यासाठी? अरे, एवढ्यासाठी?"

दंड चोळत दादा म्हणाला, "रविवारी येऊ का? त्यांना चालेल का, विचार."

"मी नाही विचारणार." भिंगताईंनी फोन लावला आणि त्याच्या हातात कोंबला.

पलीकडून हॅलो आलं. दादाने घसा खाकरला, बहिणीकडे पाठ केली.

"मी हिचा दादा बोलतोय," तो म्हणाला. "रविवारी येतोय. त्याआधी एवढं सांगा, तुम्हाला मी काय म्हणून हाक मारू?"