सुभेदारांचे पाय

बासष्टच्या लढाईनंतरच्या पावसाळ्यात आमची कंपनी पनवेलला होती. मी नाईक. दर शनिवारी करंजाड्याकडून रूट मार्च, आणि परतल्यावर फूट इन्स्पेक्शन. जवानाने बूट काढून तळवे दाखवायचे, साहेबाने छडीने खूण करत पुढे जायचं, अशी सगळीकडची रीत. आमचे सुभेदार याकोब गायकवाड नगरकडचे ख्रिस्ती. ते खांद्यावर टॉवेल टाकून खाली बसायचे, एकेकाचा पाय मांडीवर घेऊन मिठाच्या गरम पाण्याने धुवायचे.

माझं टाळकंच सरकायचं. सुभेदार म्हणजे कंपनीचा बाप, त्याने पोरांचे पाय धुवायचे? एकदा तोंडावर बोललो. त्यांनी मान वर केली नाही.

"आमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, नाईक. धुताना तो देव नव्हता असं थोडंच आहे? तेव्हाच तर देव कसा असतो ते दिसलं."

तुमचा देव तुमच्यापाशी, असं म्हणून मी मोजे चढवले.

अमावास्येच्या उधाणाने गव्हाणजवळ खारबांधाला खांड पडली. खाडीचं पाणी भातशेतात घुसायला लागलं, म्हणून आम्हाला बोलावणं आलं. सकाळपासून गावकऱ्यांबरोबर वाळूची पोती टाकत होतो. तेवढ्यात बांधाचा दगड घसरला आणि गावातल्या म्हाताऱ्या गोमादादा म्हात्रेंचा पाय खाली अडकला. पाणी कमरेला, भरती चढती. मी दोर बांधून "खेच!" म्हटलं. दादा किंचाळले. पाय आणखीच रुतला.

वायरलेसवर क्रेन मागितली.

"क्रेन दोन तासांनी. ओव्हर."

पाणी छातीला आलं होतं. दोन तासांत म्हातारा बुडणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"पाय तोडा माजा," दादा म्हणाले, "पन मला काडा."

मी कुऱ्हाड मागवली. सुभेदारांनी टोपी आणि बेल्ट माझ्या हातात दिला.

"दोर ढिला सोड. कोणी ओढू नका."

बुटांसकट ते पाण्यात उतरले, बुडी मारली. दगड हलणारा नव्हता, म्हणून पायाखालचा चिखल हातांनी उकरत होते. श्वासाला वर येत, पुन्हा खाली जात. पाणी दादांच्या हनुवटीला लागलं आणि पाय सुटला. आम्ही त्यांना वर ओढलं. सुभेदारांचं डोकं दिसलं.

"त्याचा पाय बघ आधी," ते म्हणाले.

मी वाकलो, आणि मागे बांध ढासळला.

ओहोटीला सुभेदार सापडले. त्यांचा देह उरलेल्या बांधावर ठेवला. गोमादादा एका पायावर फरफटत तांब्या घेऊन आले. कोणीतरी अडवलं.

"माजा पाय यांनी सोडवला. यांचं पाय मीच धुनार."

मी सुभेदारांचे बूट उतरवले आणि पाणी ओतलं. उजव्या टाचेला फोड होता, मोठा, पिकलेला, कित्येक दिवसांचा. सगळ्या कंपनीचे पाय पाहणाऱ्या त्या माणसाचे पाय आमच्यातल्या कोणी कधी पाहिलेच नव्हते.