एक बिल्ला, दोन भाऊ

तो मामला माझ्या मनातून अजून उठलेला नाही. मुदतीआधी पेन्शन घेताना मी प्रकृतीचं कारण लिहिलं. खरं कारण हे होतं.

तेव्हा मी नांदुरा ठाण्याला फौजदार होतो. सकाळी शिपायांची हजेरी चालू असतानाच वडनेर भोलजीचा एक शेतकरी येऊन बसला. त्याचा बांधशेजारी नागपूरला कायदेमंडळाच्या कचेरीत चपराशी. तिकडे बैठक भरलेली, आणि हा गावात डवरे हाकून पिकातलं तण काढतो, अशी त्याची खबर. बांधाचं भांडण असणार हे ओळखलं. तरी खबर नोंदवावी लागतेच.

चपराशाला चावडीवर बोलावलं. रजेवर आलो, म्हणाला. मी नागपूरला तार केली. उत्तर आलं, इसम कामावर हजर, पगार चालू. ते वाचून दाखवलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मंग असन, सायब."

शिपाई हसले. मला हसू आलं नाही. दोन दिवस विचारलं, तो तसूभर हलला नाही.

मग मी त्याच्या घरी गेलो. म्हातारी आई ज्वारी निवडत होती. खरं सांगितलंस तर पोराच्या नोकरीला धक्का लागणार नाही, असा मी तिला शब्द दिला. तसा अधिकार मला नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं.

"बिल्ला एक, पोरं दोन," ती सहज म्हणाली. "पेरनी-डवरनीले मोठा येते, तं धाकला तिकडे जाते. काम तं रोज होते ना, सायब? मंग चोरी कायची?"

धाकट्याला नागपूरहून, कमरेच्या पट्ट्यासकट आणि त्यावरच्या चपराशाच्या पितळी बिल्ल्यासकट पकडून आणलं. ओळख पटवायला कचेरीत हजेरी घेणाऱ्या बाबूसमोर दोघांना उभं केलं. बाबू आळीपाळीने दोघांच्या कमरेकडे पाहत राहिला. चेहरा न पाहता रोज तो बिल्लाच हजर धरत होता.

जागा एक दिवसही रिकामी नव्हती, हे मी अहवालात लिहू शकलो असतो. लिहिलं नाही. तोतयेगिरी सिद्ध झाली, मोठा बडतर्फ, दोघांना कैद. बाबू जागेवर राहिला. मला शाबासकी.

पुढे म्हातारी ठाण्यावर आली, पायरीवर बसली. भांडली नाही.

"तुमी म्हन्लं होतं," एवढंच म्हणाली.

मी शिपायाला तिला घरी पोचवायला सांगितलं आणि आत गेलो.

खोटा शब्द देऊन काढलेलं खरं कोर्टात टिकतं, हे मी शिकलो. घरी ते टिकत नाही. हल्ली येरझारा घालताना त्या भावांचे चेहरे आठवू पाहतो. एकाचाही आठवत नाही. बिल्ला मात्र लख्ख दिसतो.