नव्या तांदळाचा हट्ट

कर्जतच्या महाविद्यालयात सतरा वर्षे कविता शिकवून मी लग्नाच्या जेवणावळी करू लागले, तेव्हा ओळखीच्यांपैकी कुणालाही त्याचे नवल वाटले नाही. माझ्या तासाला मुलांना नेहमी भूकच लागत असे, एवढेच एका जुन्या सहकाऱ्याने ऐकवले. व्यवसायाचे तत्त्व मात्र मी फार गांभीर्याने ठरवले होते. रासायनिक खत घातलेले काही घ्यायचे नाही आणि कर्जत-खालापूरच्या शिवेबाहेरचे काही आणायचे नाही. वाल, दुधी, तोंडली, माळावर चरणाऱ्या गाईंचे तूप, पळसाच्या पत्रावळी. मीठ, साखर आणि हिंग यांना मी नाइलाजाने पाहुण्यांचा दर्जा दिला होता.

तत्त्वापेक्षाही मला अभिमान होता तो पदार्थांच्या कार्डाचा. प्रत्येक लग्नासाठी ते मी स्वतः लिहीत असे आणि जाड, खरबरीत कागदावर छापून प्रत्येक पत्रावळीशेजारी ठेवत असे. ‘दवाने जड झालेल्या वेलीवरून अलगद उतरवलेली तोंडली’ अशा ओळी त्यात असत. रांधण्याचे काम लोधिवलीच्या एका मावशींकडे होते. अर्धे आयुष्य त्यांनी गावजेवणांच्या चुलींपुढे काढले होते. पहिले कार्ड मी त्यांना आवाज लावून वाचून दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, पदराने कपाळ टिपले आणि विचारले, “ताई, हे खायाचं का म्हनायचं?”

खालापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न आमच्याकडे आले, ते मुलीच्या आग्रहामुळे. वडील डोंगराच्या पायथ्याशी भात पिकवणारे, मितभाषी गृहस्थ. साखरपुड्याला पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले होते आणि शेवटच्या पंगतीला भात पुरला नव्हता. हात धुताना मुलाकडचे कुणीतरी म्हणाले होते, “शेतकऱ्याच्या घरी भात नाही म्हणजे कमालच झाली!” ते वाक्य या माणसाच्या मनात काट्यासारखे रुतून बसले होते.

“ताई, बाकी काय बी होऊ द्या,” ते मला म्हणाले, “पन भातावर कुनी बोट ठेवता कामा नाय. गेल्या सालचा आपल्याच शेताचा तांदूळ घरात हाय. तो घ्या.”

दिवाळी नुकतीच सरली होती. त्यांच्या अंगणात झोडणी संपली होती, पेंढ्याची सोनेरी कुसळे हवेत तरंगत होती आणि नव्या भाताचा तो ओलसर, दुधाळ वास माझ्या श्वासात उतरला होता. अशा वासासमोर माझे डोके चालत नाही. मी म्हटले, “छे, छे! यंदाचाच तांदूळ हवा. या पावसाळ्याची चव पाहुण्यांच्या जिभेवर यायला हवी.”

“वास येतो चांगला,” ते म्हणाले, “पन…”

त्या ‘पन’च्या पुढचे मी ऐकलेच नाही. माझ्या मनात कार्डावरची ओळ तयार होऊ लागली होती. आता विचार करते तेव्हा कळते की जुना तांदूळही त्याच शेताचा होता, तोही शेणखतावरच पिकलेला होता. माझ्या एकाही नियमाला त्याने धक्का लागत नव्हता. धक्का लागत होता तो फक्त माझ्या वाक्याला.

मावशींनीही बजावले होते. “नवा तांदूळ ओला असतो ताई. मोठ्या टोपात गोळा व्हईल.” मी घरी वाटीभर शिजवून पाहिला. मऊसूत, सुगंधी, तुपाखाली विरघळणारा. वाटीभर भाताच्या बळावर मी चारशे माणसांचा निर्णय घेतला आणि कार्डावर छापून टाकले: ‘ज्या पावसात आपण सारे भिजलो, त्याच पावसाचे शुभ्र दाणे.’

लग्न कळंबच्या एका लॉनवर होते, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. बाराच्या सुमारास मावशींनी पहिल्या टोपावरचे झाकण काढले. वाफ सुरेख होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. वाफेखाली मात्र दाणे नव्हते. शुभ्र, चकचकीत, एकसंध लगदा होता. मावशींनी त्यात लांब दांड्याचे उलथणे रोवले आणि हात सोडला. उलथणे ताठ उभे राहिले.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “आता ह्यानं मांडवाला गिलावा करा.”

दुसरा टोपही तसाच. मांडवातून सनईची ध्वनिमुद्रिका ऐकू येत होती आणि मला दिसत होते ते फक्त हात धुणारे पाहुणे. एकदा भात पुरला नाही. आता पुरेल, पण भिंतीला लावण्याइतका. संकटात मला नेहमी उपमाच सुचतात, उपाय कधीच नाही.

तेवढ्यात मुलीचे वडील मागच्या बाजूला आले. नवे कोरे धोतर, डोक्याला फेटा. त्यांनी टोपात पाहिले, उभ्या उलथण्याकडे पाहिले, माझ्याकडे मात्र पाहिले नाही. भांडी घेऊन आलेल्या टेंपोकडे जाऊन त्यांनी ताडपत्री बाजूला सारली. खाली गोणी होत्या.

“गेल्या सालचा हाय,” ते म्हणाले. “निवडून ठेवलाय.”

“तुम्ही आणला होता? मग बोलला का नाहीत?”

“तुमी एवढं लिवलं होतं,” ते जरा ओशाळून म्हणाले. “मोडायचं कसं?”

मावशींनी आधण ठेवलेच होते; माझ्यावर भरवसा नसलेल्या त्या दुसऱ्या. गोणीतून तांदूळ ओतला तेव्हा त्याला धुळीचा आणि वाळल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला. दुधाळ, दवाळ असे त्यात काहीच नव्हते. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, आणि पाऊण तासाने टोप उघडला तेव्हा दाण्याला दाणा चिकटलेला नव्हता.

विहिणीच्या पंगतीला मी स्वतः वाढायला उभी राहिले. वराच्या आईच्या पत्रावळीभोवती रांगोळी होती. त्या शेलूच्या नव्या इमारतीत राहत, पण माहेर भातशेतीचे. त्यांनी चष्मा चढवून माझे कार्ड वाचले, मग भाताची मूद बोटांनी मोकळी केली, मग पुन्हा कार्ड वाचले.

“हा यंदाचा तांदूळ?” त्यांनी विचारले. “आमच्या आईकडे नव्याचा भात कधी असा मोकळा झाला नाही बाई.”

मुलीचे वडील शेजारीच हात जोडून उभे होते. ते म्हणाले, “ताईंच्या हाताला गुन हाय, विहीणबाई.”

त्यांनी मला सांभाळून घेतले होते. त्यांच्या घराची अब्रू पणाला लागलेली असताना त्यांनी माझी ओळ जपली. मी गप्प राहिले असते तर ते खपूनही गेले असते. पण तुपाचे भांडे हातात धरून मी विहीणबाईंकडे वळले.

“हा जुना आहे,” मी म्हटले. “यंदाचा शिजवायचा हट्ट माझा होता. त्याचा गोळा झाला, मागे आहे. आज हा भात पानात आहे, तो यांनी न सांगता गोणी आणून ठेवल्या म्हणून.”

कुणीतरी हसू दाबले. वराच्या आईने कार्ड पालथे घातले आणि व्याह्यांकडे वळून पाहिले.

“साखरपुड्याचं तुमच्या फार मनाला लागलं, भाऊ.”

ते फेट्याचा शेमला उगाच सारखा करत राहिले.

“आमच्या माणसांनी असं बोलायला नको होतं,” त्या म्हणाल्या. मग वरणाने माखलेला हात त्यांनी पत्रावळीवरच्या रिकाम्या जागेकडे केला. “वाढा, अजून वाढा. आणि ताई, तूप हातात घेऊन उभ्या काय राहिलात?”

मी वाढायला वाकले, पण भाताचे पातेले तोवर मुलीच्या वडिलांनी माझ्या मदतनिसाकडून घेतले होते. त्यांनी स्वतः वाढले. एक मूद, मग आणखी एक. विहीणबाई पुरे म्हणाल्या नाहीत.

लगद्याचे मावशींनी सांडगे घातले. जिरे, मिरची, मीठ घालून माझ्याच गच्चीवर, माझ्याच जुन्या साड्यांवर, आणि कावळे हाकलायला मला बसवले. चौथ्या दिवशी एक सांडगा तळून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. तो कुरकुरीत होता, आणि त्याला अंगणातल्या त्या दुधाळ वासाची अगदी पुसट आठवण होती. मी त्याविषयी काही सुंदर बोलण्यासाठी तोंड उघडले.

“खा आधी,” मावशी म्हणाल्या.