अकरा परबांतला माझा

तेव्हा घोडपदेवच्या आमच्या चाळीत डोळे मिटून दगड मारला, तरी तो परबालाच लागायचा.

गावी आम्हाला आडनाव कधी लागलंच नाही. वरच्या घरचे, खालच्या घरचे, फणसाकडचे, एवढ्यावर भागायचं. मुंबईला गिरणीतल्या बाबूने आमच्या पहिल्या माणसाला आडनाव विचारलं, तो परब म्हणाला. त्याने भावाला आणलं, भावाने चुलत्याला, चुलत्याने पुतण्यांना. एका खात्यात अख्खी वाडी लागली. एका आडनावात एवढी माणसं मावतात कशी, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे चालले होते. एका सकाळी खातंच्या खातं मोर्च्याला गेलं आणि पोलिसांनी गाडीत भरून नेलं. आमचे हेसुद्धा त्यात. आणि यांना दमा. दुपारी चाळीत निरोप आला, ज्याला घरचं माणूस ओळखून नेईल त्याला आज ताकीद देऊन सोडतील, बाकीचे उद्या ठाण्याच्या तुरुंगात. तिथल्या ओल्या फरशीवर हे दोन रात्री काढणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक.

माझी थोरली जाऊ, तिला आम्ही बाय म्हणायचो, तिचा नवराही आतच. पण ती म्हणाली, "तू हो पुढे. तुझ्या माणसाचा श्वास आधी. मी पोरांना भाकरी घालून येते."

भोईवाड्यापर्यंत चालत गेले. चौकीत हवालदार बसलेला.

"कोण पाहिजे?"

"परब."

त्याने आत हाक मारली, "परब कोण आहे?"

अकरा माणसं उभी राहिली. (बसून राहिले ते चार.)

"बाई, यातला तुमचा कुठला? नाव सांगा."

नवऱ्याचं नाव कसं घेणार? घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझी आई सांगायची. यांचं आधीच दम्याने कमी केलेलं.

"नाव घेत नाहीत आमच्यात."

"बरं, गाव?"

"मालवणाकडचं." अकराच्या अकरा हो म्हणाले.

"काम काय करतो?"

"गिरणीत, साच्यावर." परत अकरा.

"मुलाचं नाव तरी?"

"बाबल्या."

"माझो," आतून तिघे बोलले.

हवालदाराने टोपी काढून डोकं पुसलं. "मग बोट दाखवा आणि मला मोकळं करा."

खरी पंचाईत पुढेच होती. त्या अकरांत माझे थोरले दीर, चुलत सासरे, सगळी मोठी माणसं. त्यांच्यापुढे मान वर करायची आमच्यात रीत नाही. पदर नाकापर्यंत. मला दिसत होते ते फक्त बावीस पाय, तेही अनवाणी, चपला मोर्च्यात गेलेल्या. पण यांच्या पायाची एक खूण मला माहीत होती. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. रांगेत ते बोट दिसलं आणि मी म्हटलं, "हे."

"नक्की?"

"नवरा आहे माझा. नक्की म्हणजे काय?"

निघालो. ते पुढे, मी चार पावलं मागे. वाटेत गर्दी, टाच नजरेआड झाली तर नवरा हरवेल, म्हणून मी टाचांवरून नजर काढली नाही. आणि तोंड सोडलं.

"थोरला भाऊ म्हणेल तिथे जायचं का? त्यांचं काय जातं, त्यांना दमा नाही. नुसते पुढे पुढे करणार, निस्तरायचं तुम्ही."

टाचा भराभर पुढे पडायला लागल्या. लाजले, म्हटलं. मला हुरूप आला. लालबाग येईपर्यंत मी थोरल्या दिरांच्या घोरण्यापर्यंत पोचले होते. "बाय कशी झोपते, तिचं तिला माहीत."

चाळीच्या जिन्याशी बाय निघायच्या तयारीत उभी. एकदा पुढे बघितलं, एकदा मला बघितलं.

"अगो, ह्यो माझो घोव. तुझो खंय?"

मी पदर वर केला. थोरले दीर! सासऱ्यांनी तेच पाय दोन्ही मुलांना दिलेले. मी दर सणाला थोरल्यांच्या पाया पडायचे, पण तेव्हा डोळे मिटलेले. आणि मागून ओळखावं म्हटलं, तर दोघांचे सदरे एकाच ताग्यातले.

दीर माझ्याशी बोलत नसत. ते बायला म्हणाले, "हिला सांग, मला वाटलं मोठ्याला मान देऊन आधी सोडवते. वळण चांगलं आहे, म्हणून गप आलो." आणि जिना चढता चढता, "घोरण्याचं नंतर बघू."

 हे अजून आतच, आणि ऊन उतरलेलं. बाय तशीच भोईवाड्याकडे पळाली. धाकट्या दिराचं नाव घ्यायला वहिनीला बंदी नाही. तिने जाऊन यांचं नाव ठणठणीत घेतलं (ते मी इथे सांगत नाही). त्या नावाचे तीन परब उठले. बायने सरळ यांचा कान धरला आणि बाहेर आणलं.

दिवे लागताना हे घरी आले, धापा टाकत.

"मी थोरल्यांना नेताना बघितलंत, मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"दादा निघालो होतो. दादाक आडवो कसो जातलय?"

हे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. चाळ पाडली, गिरणी गेली. परब कोण विरारला गेले, कोण डोंबिवलीला, कोण परत गावी. आताच्या इमारतीत परबांचं घर एकच, आमचं. नातवाला शाळेत बाई विचारतात, परब म्हणजे कुठले रे तुम्ही? मी खिडकीत बसून विचार करते, एवढी माणसं त्या आडनावातून सांडली कुठे?

आता परब म्हणून हाक मारली तर एकच माणूस उभा राहील, चुकायला जागाच नाही. तरी नातू म्हणतो, "आजी, मला कधी पकडलं तर तू नको येऊस. तू खालच्या मजल्यावरच्या शहांना घेऊन येशील."

 सगळे मजले सारखे दिसतात. गेल्या आठवड्यात मी त्या शहांच्याच घरात बसून सून अजून चहा का देत नाही, म्हणून अर्धा तास रुसले होते.