मतभेद कायम ठेवून झालेली तडजोड

ॲड. भगवंतराव कापगते यांची आणि माझी पहिली भेट भंडाऱ्याच्या न्यायालयाबाहेर, पोह्याच्या ठेल्यावर झाली. मी वर्तमानपत्रात नवा होतो. त्यांनी दाखल केलेल्या एका दाव्याबद्दल मी विचारलं, "साहेब, समोरच्यानं फसवलंच ना?"

"आमचं तसं म्हणणं आहे. फसवलं का नाही, ते कोर्ट सांगन. तवरिक पोहे खा, थंडे होऊन राहिले."

साहेब यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची एक पद्धत जिल्ह्यातल्या वकिलांना ठाऊक आहे. तडजोडीचा मसुदा ते पक्षकाराला कार्यालयात बोलावून दाखवत नाहीत. त्याच्या घरी जातात आणि एकेक ओळ इथल्या झाडीबोलीत वाचून दाखवतात. कधी अड्याळ, कधी वरठी. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मीही बरीच गावं पाहिली. धानाच्या बांध्यांमधून जाताना ते जुन्या खटल्यांच्या गमती सांगत. ते दिवस आता फार आठवतात.

सर्वांत जास्त आठवतं ते एकोडी गावचं प्रकरण. कुटुंबाला विचारून, नावं बदलून लिहितो. देवराम आणि शेवंताबाई यांच्या लहानग्या रेणूला एका खासगी रुग्णालयात लस टोचली आणि काही दिवसांतच तिच्या एका पायातलं बळ गेलं. लसीमुळेच गेलं, असं आईबापांचं म्हणणं. आजार वेगळाच होता, असं रुग्णालयाचं. तज्ज्ञांची मतंही दोन्हीकडची. भरपाईचा दावा ग्राहक आयोगात रेंगाळला आणि रेणूचे उपचार अडले. शेवटी, मुलगी मोठी होईपर्यंतचा उपचारांचा खर्च देऊन तडजोड करायला रुग्णालय तयार झालं.

साहेब मसुदा घेऊन एकोडीला गेले. अंगणात वाचता वाचता रुग्णालयानं घातलेली एक ओळ आली, "लसीनं काही झालं नाही, हे आमाले कबूल आहे."

देवराम उठून उभे राहिले. "मंग इतके दिवस आमी खोटं बोलून राहिलो का, साहेब?"

"सही करून टाका," शेवंताबाई म्हणाल्या. "पोरीचा इलाज थांबून राहिला."

"तू चूप राय."

"मी चूप राहून तिचा पाय चालन का?"

साहेबांनी कागद मिटला. "दोघांचंही बरोबर आहे. मले थोडा वेळ द्या."

ती ओळ काढली तर रुग्णालय माघार घेईल, असं रुग्णालयाच्या वकिलांनी बजावलं. साहेबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "लसीमुळेच झालं, हे मला सिद्ध करता येत नाही. नाही झालं, हे तुम्हाला येत नाही. जे कुणालाच ठाऊक नाही, ते या माणसानं कबूल कसं करायचं?" बऱ्याच बैठकांनंतर नवी ओळ ठरली: इजेच्या कारणाबाबत उभय पक्षांत मतभेद आहेत, ते कायम ठेवून ही तडजोड करण्यात येत आहे.

साहेब पुन्हा एकोडीला गेले. देवरामांनी ती ओळ दुसऱ्यांदा वाचायला लावली, ऐकली आणि सही केली. रेणूचे उपचार सुरू झाले.

पुढं त्यांच्या घरी मुलगा जन्मला. देवराम साहेबांकडे आले. "गावात लोक दोन्ही बोलून राहिले. याले टोचू का नोको?"

"मी वकील आहो. हे डॉक्टरले विचारायचं. चला, मी संगं येतो."

आरोग्य केंद्रात शेवंताबाईंनी मनातलं सगळं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी रेणूचे जुने कागद नीट पाहिले, प्रत्येक शंकेला उत्तर दिलं. मग देवरामांनी स्वतः बाळाला मांडीवर धरलं. लस टोचून झाल्यावर थोडा वेळ थांबायचं असतं. साहेब बाकावरून हलले नाहीत. बाळानं रडता रडता दोन्ही पाय जोरात झाडले, तेव्हा देवराम त्यांच्याकडे पाहून हसले. मग साहेब उठले.

हल्ली साहेबांचे गुडघे कुरकुरतात आणि ते दवाखान्याची टाळाटाळ करतात. आता तिथं जायला त्यांनी आमच्यापैकी कुणालाही हाक मारावी, आम्ही बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसू. त्यांना निरोगी, हिंडतंफिरतं, उदंड आयुष्य लाभो.