मावशींनी दिलेली पोच

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. धंद्यातही माहीत आहे. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे, आणि नाशिकहून मी तिथं पोचायच्या आधी माझा मूड पोचलेला असतो, असं तिथल्या बायका म्हणतात. त्या काय म्हणतात ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

वडील गेल्यावर धंदा माझ्याकडे आला आणि त्याबरोबर त्यांचा एक नियमही आला. शेतकऱ्याची गाडी दारात उन्हात उभी राहता कामा नये. आधी माल उतरवून घ्यायचा, पोच म्हणून कागदावर सही करायची, गाडी मोकळी करायची. काय विचारायचं ते मग. सकाळी तोडलेलं द्राक्ष दुपारी टेम्पोत तापलं की त्याचा देठ सुकतो, आणि देठ सुकला की परदेशातलं गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्यामुळे आमच्याकडे पोच देताना कुणी फार विचार करत नाही. पेन हातातच असतं.

ही पोच द्यायचं काम मावशींचं. नात्यानं त्या माझ्या कुणी नाहीत. वीसेक वर्षं त्यांनी आमच्या टेबलाशी उभं राहून घड साफ केले. एक हात घडाच्या देठाला, दुसऱ्या हातात छोटी कात्री, खराब मणी टिपून काढायचे आणि चांगल्याला धक्का लागू द्यायचा नाही. मी शाळेत असताना सुट्टीत यायचे तेव्हा त्या मला उलट्या क्रेटवर बसवून चांगले टपोरे मणी खायला द्यायच्या, आणि वडील दिसले की म्हणायच्या, "पोरगी तपासनीस हाय आपली, चव बघती."

काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात आमचा क्लार्क काम सोडून गेला. प्रत्येक खोक्यावर बागेचा नंबर, तारीख आणि वजन छापलेलं लेबल लागतं. लेबल नाही तर खोकं कंटेनरमध्ये चढत नाही. मी डोक्याला हात लावून बसले होते. मावशी दारात येऊन म्हणाल्या, "मला दाखवा. आकडंच तर टाकायचं हायेत." शिक्षण सातवी. मी हसले असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्यासमोर ठेवला. त्यावर पेनानं अख्खा कीबोर्ड काढलेला होता. सुनेकडून अक्षरं लिहून घेऊन रात्रभर त्यांनी त्यावर बोटं फिरवली होती.

पहिलं लेबल छापून निघालं तेव्हा त्या ते हातात धरून खाली हॉलमध्ये गेल्या आणि चाळीस बायकांना दाखवून आल्या. त्या दिवसापासून प्रिंटर त्यांचा. शेडमध्ये धूळ फार, म्हणून संध्याकाळी त्याच्यावर धुतलेलं सुती फडकं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. कागद अडकला तर त्या त्याच्याशी बोलायच्या, मी मात्र थापटायचे.

गेल्या हंगामात, फेब्रुवारीत, एका कुरिअरवाल्यानं दोन खोकी आणून टाकली. प्रिंटरच्या शाईची, म्हणजे टोनरची. मावशींनी सही केली, खोकी कपाटावर ठेवली. चार-पाच दिवसांनी बिल आलं आणि ते पाहून माझे डोळे पांढरे झाले. नेहमीच्या भावाच्या तिप्पट.

नाशिकला शालिमारजवळ आमचे टोनर भरून देणारे एक भाई आहेत. अनेक वर्षांची ओळख. दर महिन्याला ते स्वतः येतात, मशीन उघडतात, पुसतात, चहा घेतात. त्यांनी खोकं उघडून पाहिलं आणि मान हलवली.

"मॅडम, हा माल डुप्लिकेट आहे. आणि ही लोकं पण. पहिल्या फोनला मशीनचा नंबर काढतात. म्हणतात, सर्व्हिसवाले बोलतोय, रेकॉर्ड अपडेट करायचंय. दुसऱ्या फोनला 'हो' काढतात. मग माल टाकतात, सही घेतात, आणि मग बिलाच्या नावानं तुमचं डोकं खातात. सातपूरला, अंबडला कितीतरी कंपन्या फसल्यात. लाजेनं कुणी सांगत नाही."

"आमच्याकडून 'हो' कुणी म्हटलं?" मी विचारलं. खरं तर विचारलं नव्हतंच, उत्तर मी ठरवून टाकलं होतं.

मावशी तेव्हा खाली हॉलच्या दाराशी लेबलं द्यायला गेल्या होत्या. मी बिल घेऊन तशीच खाली उतरले. वर बोलवून, दार लावून बोलता आलं असतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही आमची जुनी खोड.

"ही खोकी तुम्ही कुणाला विचारून घेतलीत?"

मावशी गोंधळल्या. "ताई, त्यो म्हणला..." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमचं कुणाशी बोलणं झालं व्हतं का?"

"मी कशाला बोलू? मला दुसरी कामं नाहीत?" माझा आवाज चढला होता. कात्र्या थांबल्या होत्या. "खुर्चीवर बसलं म्हणून कुणी ऑफिसवालं होत नाही, मावशी. टेबलावर होतात तेच बरं होतं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. हातातली लेबलं त्यांनी सुपरवायझर बाईंकडे दिली आणि वर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर ऑफिसातली खुर्ची रिकामी होती. प्रिंटरवरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं. काचेतून खाली पाहिलं तर मावशी टोपी घालून, हातमोजे चढवून टेबलाशी उभ्या. घड साफ करत होत्या. मी सुपरवायझर बाईंना पाठवलं. निरोप आला, "ताईंना म्हणावं, हितं बरी हाय मी."

तीन दिवस लेबलं मी छापली. म्हणजे छापायचा प्रयत्न केला. एका बागेचा नंबर दुसऱ्या बागेच्या खोक्यांवर गेला, दोनशे लेबलं फाडावी लागली. पण खरा त्रास तो नव्हता. काचेतून दर वेळी त्या दिसत. साठीला आलेली बाई आठ-आठ तास उभी. दुपारी त्या कंबरेला हात लावून जरा वाकायच्या आणि परत कात्री उचलायच्या. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी आणखी चिडते. मी खाली गेले नाही. मनाशी घोकत राहिले, चूक त्यांची होती, बोलणं जरा जास्त झालं एवढंच.

मधल्या काळात त्या बिलवाल्याचे फोन सुरू झाले होते. आधी गोड, मग तिखट. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी पहिल्यांदा ऐकल्या: वकील, नोटीस, कोर्ट. चौथ्या दिवशी भाई मशीन पाहायला आले होते तेव्हाच त्याचा फोन आला. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडून ऑर्डर दिल्याचं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे. ऐकवू?"

"ऐकवा," मी म्हणाले आणि स्पीकर सुरू केला. भाई साक्षीला होतेच. पण खरं सांगते, मला मावशींचा आवाज ऐकायचा होता. आपण बरोबर होतो याची खात्री करून घ्यायची होती.

आधी ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग तोच माणूस, म्हणे प्रिंटरच्या टोनरचे रेट वाढणार आहेत, जुन्या रेटनं दोन पाठवून देऊ का. आणि मग एक बाई, घाईत, वैतागलेली: "हो हो, पाठवा, पाठवा. मी गाडी चालवतेय. पॅकहाऊसवर देऊन टाका, मावशी पोच देतील."

आपला आवाज बाहेरून ऐकला की ओळखायला क्षणभर लागतो. भाईंनी मात्र लगेच ओळखला होता. ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग मलाही आठवलं. ओझरच्या पुढे, मागून टँकर हॉर्न मारतोय, एका हातानं फोन बंद करायची घाई. समोरचा कोण, कुठला, काय भाव, काही विचारलं नव्हतं. फोन संपावा म्हणून 'हो' म्हटलं होतं.

फोनवरचा माणूस विजयी आवाजात "आता बोला" म्हणत होता. भाईंनी मला हळू आवाजात सांगितलं, "तरी पैसे द्यायचे नाहीत. यात भाव कुठे सांगितलाय त्यानं? माल परत न्या म्हणा, आणि जे काय असेल ते लेखी पाठवा म्हणा. लेखी कधीच पाठवत नाहीत ही लोकं." मी तसंच सांगितलं. आणखी चार-दोन फोन आले आणि बंद झाले. पण तेव्हा त्या पैशांचं मला काही राहिलं नव्हतं.

मी खाली उतरले. जिथं उभं राहून बोलले होते त्याच दाराशी उभी राहिले, कारण बोलणं ज्यांच्यासमोर केलं, माफीही त्यांच्यासमोरच मागायला हवी, एवढी अक्कल वडिलांनी दिली आहे. हॉलमधला घोंघावणारा हवेचा ब्लोअर बंद करायला सांगितला. चाळीस टोप्या माझ्याकडे वळल्या.

"ती खोकी मी मागवली होती," मी म्हणाले. "फोनवर मीच हो म्हटलं होतं, आणि विसरून गेले. मावशींनी फक्त पोच दिली. मी त्यांना जे बोलले ते खोटं होतं आणि वाईट होतं. चूक माझी आहे."

कुणीतरी मागून म्हणालं, "ताईपन फसत्यात व्हय!" आणि हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी हातातला घड पूर्ण साफ केला, डब्यात नीट बसवला, मगच मोजे काढले.

वर आल्या. मी खुर्ची ओढून दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"येते मी परत," त्या म्हणाल्या. "पन एक हाय. हितून पुढं मागवायचं ते मी मागवीन. वहीत लिहीन, मंग मागवीन. वहीत नाय ते खोकं दारातनं परत. द्राक्षाची गाडी थांबवायची नाय, पन खोक्याचा काय देठ सुकत न्हाई. आन कुनी फोनवर मशीनचा नंबर इचारला तर नाय सांगायचा. तुमीबी नाय."

"मीसुद्धा?"

"तुमी तर आजाबात नाय."

मी हो म्हटलं. या वेळी नीट ऐकून म्हटलं. मग मला राहवेना. "मावशी, तो माणूस तुमच्याशी काय बोलला होता?"

"फोन आलता त्याचा, खोकी यायच्या आदल्या दिवशी. म्हणला, मावशी पोच देतील आसं सांगितलंय. मला हितं समदे काकू म्हनत्यात, ताई. मावशी म्हननारं एकच मानूस हाय. तवाच वळखलं मी, तुमच्याशी बोलनं झालंय त्याचं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी दारात उभी राहून ओरडत होते तेव्हाही माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं आणि मी तिथल्या तिथं गप्प झाले असते. त्याऐवजी त्या चार दिवस टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "त्याच वेळी तोंडावर का नाही सांगितलंत?"

"इचारलं की मी, बोलनं झालतं का म्हनून. तुमी नाय म्हनलात." मावशींनी प्रिंटरचं झाकण उघडून आतला कागद सरळ केला. "आता समद्या बायांपुढं मालकिनीला खोटं पाडायचं का? मला खाली उतरवलं तर माझ्यासाठी टेबल हाय. तुमाला उतरवलं आसतं, तर तुमी कुठं जानार व्हता?"

मला रडू आलं. त्यांनी मला थांबवलं नाही, पाठही थोपटली नाही. बाहेर संध्याकाळचा कंटेनर येऊन लागला होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुठल्या बागेची राहिली लेबलं?" आणि मी नाक पुसत त्यांना नंबर सांगायला लागले.